मरळीचा ठराव

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत चला. समजा, सिल्वासात एक मत्स्यालय आहे. जुन्या सुताच्या गोदामात आहे, वर पत्र्याचं छप्पर. आत काचेच्या टाक्या आणि त्यात दमणगंगेतले, तळ्यातले, आपल्या रोजच्या पाण्यातले मासे. पाऊस पत्र्यावर ताशा वाजवतोय आणि मासे मात्र शांतपणे तोंडं उघडमीट करताहेत… दिसलं?

आता सांगा, या मत्स्यालयाचा मालक कोण? कुणीच नाही. आणि सगळेच! ज्याच्याकडे टोकन, त्याला मत. टोकन म्हणजे फोनमध्ये राहणारं एक नाणं. क्रिप्टो म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. ते हातात धरता येत नाही, पण त्याची नोंद जगभरच्या संगणकांत असते, म्हणून कुणाला गुपचूप खोडता येत नाही. कोणता मासा आणायचा, कुठे ठेवायचा, देखभालीला कोण, हे सगळं मतांनी ठरतं. ज्याला स्वतःला कळत नसेल त्याने आपलं मत दुसऱ्याच्या हवाली करावं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदा ठराव टाकला की तो मागे घेता येत नाही. टाकणाऱ्यालासुद्धा नाही.

ही अट धनश्रीबाईंना माहीत होती. तरी त्यांनी रागात बटण दाबलं.

झालं असं. धनश्रीबाई मूळच्या दापोलीच्या, सिल्वासातल्या मराठी शाळेत चौथीला शिकवायच्या. एका सोमवारी भर पावसात त्या मुलांना मरळ दाखवायला घेऊन आल्या. हातभर लांबीचा, सापासारख्या डोक्याचा तो मासा मुलांचा फार लाडका. दारात छत्री मिटताना ती कुणाच्या तरी शर्टात अडकली.

"मॅडम, मासा पकडायला गळ लागतो. छत्री नाय."

समोर एक उंच तरुण उभा होता, कोपरापर्यंत भिजलेला. नवा देखभाल्या, जयवंत. शहाद्याचा. आधी नरोलीच्या कारखान्यात वायरमन होता. बाईंनी छत्री सोडवली, ओठांवरचं हसू दाबलं आणि आत गेल्या…

मरळीच्या टाकीत नुसते मिशाळ शिंगटी मासे फिरत होते.

"मरळ कुठे आहे?"

"मी हलवली. बाळंतपणाला गेली ती!" जयवंत हसला.

मुलं रडकुंडीला आली होती. बाईंना वाटलं, हा मुलांची थट्टा करतोय. शिवाय मताशिवाय मासा हलवायचा नाही, असा नियम! त्यांनी तिथेच फोन काढला आणि ठराव टाकला : देखभाल्याने नियम मोडला, त्याला काढून टाकावं. ठराव मांडणाऱ्याचं मत आपोआप 'बाजूने' पडतं आणि तिथेच राहतं. बाईंचं पडलं आणि त्यासोबत वर्गातल्या सगळ्या मुलांचंही, कारण मुलांनी आपली मतं बाईंच्या हवाली केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वर्गातल्या गुड्डीचा विसरलेला रेनकोट न्यायला आल्या.

"ठराव वाचला मी तुमचा," जयवंत म्हणाला. "शुद्धलेखनाची एक चूक नाय. माझ्यावर एवढं सुंदर आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

"थट्टा पुरे. मरळ कुठे आहे ते सांगा."

"या ना. दाखवतो."

गोदामातच मागे सिमेंटचा हौद होता. पाण्यावर वेलींची दाटी, आणि तिच्या मधोमध कुरतडून केलेली एक गोल मोकळी जागा. तिथे लालसर ठिपक्यांचा एक ढग हलत होता… पिल्लं! आणि खाली, काळ्या सावलीसारखा, एक मोठा मासा स्थिर.

"आई?" बाई कुजबुजल्या.

"बाप. राखणीला तो असतो. आई तिकडे, कोपऱ्यात." जयवंत वाकला. "टाकीतली झाडं कुरतडून दोघं जागा करायला लागले, तेव्हा कळलं. मत मागितलं असतं तर आठवडा गेला असता. तोवर टाकीतल्या शिंगट्यांनी अंडी खाल्ली असती. पण हलवल्यावर तरी टोकनवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला पाहिजे होतं. नाय टाकलं. चुकलंच माझं."

एक पिल्लू बाईंच्या बोटाजवळ आलं. त्याला पाहायला दोघांनी एकदमच मान खाली घातली आणि कपाळावर कपाळ आपटलं.

"आई गं!"

"याच्यावर पण ठराव टाकाल?"

बाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या. ठराव! रविवारी दुपारी मतदान संपणार होतं. हा माणूस हरला तर भाड्याची खोली सोडून थेट शहाद्याला परत जाणार होता… आणि हे सगळं त्यांच्याच एका बोटाने!

तेव्हापासून बाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. खडू हातात धरून त्या खिडकीबाहेर बघत राहायच्या. फोन उघडायच्या, मिटायच्या, पुन्हा उघडायच्या. दूरदूरचे टोकनवाले लिहीत होते, नियम म्हणजे नियम. बाईंनी पिल्लांचे फोटो टाकले, हात जोडून लिहिलं. थोडी मतं फिरली. शाळा सुटली की पाय आपोआप मत्स्यालयाकडे वळायचे.

"आज काय विसरलात, मॅडम?" जयवंत विचारायचा.

"पिल्लं बघायला आले."

"काल पण पिल्लंच बघितली."

"मोठी झाली असतील ना!"

"एका दिवसात? मग मी पण थोडा मोठा झालो असेन. जरा बघा की इकडे."

बाई बघायच्या नाहीत. पण कान लाल व्हायचे…

शनिवारी त्यांनी वर्गात सांगितलं, "मुलांनो, माझी चूक झाली. तुमची मतं माझ्याकडून परत घ्या. घरच्या फोनवरून घेता येतील. मग स्वतः विचार करा आणि हवं तिकडे टाका."

सगळ्यांनी घेतली. एक गुड्डी सोडून.

"बाई, तुम्हीच शिकवलं होतं," ती हाताची घडी घालून म्हणाली, "दिलेलं परत मागायचं नाही. मी दिलं तुम्हाला. आता तुमचंच."

खरंच, त्यांनीच तर शिकवलं होतं!

रविवार. पाऊस रिपरिपत होता. बाई सकाळीच मत्स्यालयात येऊन थांबल्या होत्या. मत्स्यालयाच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन आकडे होते : बाजूने आणि विरुद्ध. बाजूने एक मत जास्त. बरोबरी झाली तरी ठराव पडणार होता, पण ते एक मत काही हलेना.

इतक्यात गुड्डी आली, आईचा फोन छातीशी धरून. आई बाहेर भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. गुड्डी सरळ जयवंतपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, बाईंनी तुम्हाला काढायला सांगितलं. तुम्हाला गुस्सा नाही आला?"

"आला ना. लई आला."

"मग?"

"मग त्या रोज यायला लागल्या." जयवंतने हातातली जाळी खाली ठेवली. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "आता वेगळीच भीती वाटते गुड्डी. काढलं तर जाईन मी, काम काय, कुठे पण मिळेल. पण ठराव पडला आणि त्या यायच्याच बंद झाल्या तर…?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. बाई टाकीच्या काचेकडे बघत होत्या. काचेत त्यांना तोच दिसत होता.

"पडू तर द्या एकदा," त्या हळूच म्हणाल्या. "मग बघा, बंद होते का… मलाही इथून जायला आवडत नाही हल्ली. माशांमुळे नाही."

"मग कुणामुळे?"

"एवढंही कळत नाही?"

गुड्डीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मोठी माणसं कधीकधी मुद्दा सोडून बोलतात, हे तिला माहीत होतं. तिने बाईंचा पदर ओढला.

"बाई, परत घेतलं तर तुम्हाला वाईट वाटेल ना?"

धनश्रीबाई गुडघ्यांवर बसल्या. "नाही गं. पेन्सिल दिलीस तर परत मागू नकोस. पण विश्वासाचं तसं नसतं. ज्याला दिला तो चुकला तर परत घ्यावा. आणि तो सुधारला की वाटल्यास पुन्हा द्यावा. मी चुकले, गुड्डी."

"खरं?"

"खरं."

गुड्डीने बराच विचार केला. मग स्क्रीनवर बोट ठेवलं. तिचं मत तिच्याकडे परत आलं. पडद्यावर बरोबरी झाली.

"फोन दे, मी टाकतो विरुद्धला," जयवंतने हात पुढे केला.

"नको, माझ्याकडे दे," बाई म्हणाल्या.

"कुणालाच नाही!" गुड्डी दोन पावलं मागे सरली. ती एकटीच मागच्या हौदाशी गेली. उकिडवी बसून पाण्यात बघत राहिली. लाल ठिपके इकडून तिकडे सरकत होते आणि खाली तो काळा बाप, जागचा हलत नव्हता. दोघांकडे पाठ करून, फोन पोटाशी धरून, तिने बटण दाबलं.

पडद्यावरचा 'विरुद्ध'चा आकडा पुढे गेला.

तिने वळून पाहिलं. जयवंतच्या ओल्या हातात बाईंचा हात होता, आणि पडद्याकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. गुड्डीने एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग कंटाळून तिने चपला पायात सरकवल्या आणि भाजीवाल्याकडे, पावसात, ओरडत धावत सुटली :

"मम्मी! मी टाकलं! बाईंनी नाही, मी टाकलं!"