गडावर भांग राहू नये

पूर्वेच्या डोंगररांगेवर तांबडे फुटले, दरीतले धुके हळूहळू बुरुजांच्या पायाशी येऊन टेकले, आणि चार महिने शत्रूच्या वेढ्यात उभा असलेला सुळगड त्या कोवळ्या उजेडात एखाद्या समाधिस्थ योग्यासारखा दिसू लागला; वास मात्र कुजलेल्या म्हशीसारखा येत होता.

तटबंदीचा पहारा ज्याच्याकडे होता तो सटवाजी नाईक पश्चिम कड्यावर नाकाला शेला लावून उभा होता. तोफेचा गोळा शेजारी पडला तरी त्याची पापणी हलत नसे; पण नाक फार नाजूक, आणि या वासाने त्याला पंधरा दिवस जेवण गेलेले नव्हते.

वासाचे मूळ म्हणजे चिमाऊचे टाके. गडावरचा ताग संपला तेव्हा दोर वळणाऱ्या चिमाऊने किल्लेदारांच्या बागेबाहेर फेकलेल्या भांगेच्या काटक्या गोळा केल्या, पाण्यात कुजवल्या आणि त्यांच्या सालीचे तंतू सोलून दोर वळायला घेतला. पाला किल्लेदार अंबररावांच्या पोटात जाई, काटक्या टाक्यात. कुजण्याचे काम दोन्हीकडे सारखेच चाले, असे सटवाजीचे मत होते.

खरे तर गडावर भांग असायलाच नको होती. वेढा पडण्याच्या आदल्या दिवशी हुजुरांचे आज्ञापत्र आले होते: 'गडावर भांग राहू नये. राहिल्यास किल्लेदारी दूर होईल.' रोज सकाळी दोन लोटे भांग घेणारे अंबरराव ते वाचून विचारात पडले, जे त्यांच्या हातून फारसे होत नसे, आणि त्यांनी गडाचे लिहिणे पाहणाऱ्या त्रिंबकपंत सबनिसांना बोलावले. तिसरा लोटा पंतांचा असे.

"पंत, हा भांग तो की ती?"

"खुलासा नाही, साहेब. तो राहू नये, तीही राहू नये, अक्षरे तीच."

"म्हणजे तो असू शकतो."

"तोच असणार. हुजुरांसारखे थोर पुरुष पाल्यावर शाई कशाला खर्चतील?"

"आणि बायकांच्या केसांवर खर्चतील?"

"शिस्त, साहेब."

तेव्हापासून रोज नौबत झडली की सबनीस फणी घेऊन निघत आणि सवाष्णींच्या डोक्यांवर वाकून एकेका भांगाचा शोध घेत. ज्या डोक्यात भांग सापडे त्या घराचा शिधा अर्धा होई. बायका केस मागे ओढून बांधू लागल्या, आणि बागेतली भांग पुरुषभर वाढली. सटवाजीला हे पाहून किळस येई. शत्रूचा राग येतो, त्यात निदान ऊब असते; किळसेत तीही नसते.

"नाईक," चिमाऊ मागून येऊन म्हणाली, "एक सांगते. ओकू नका."

"सांग."

"किल्लेदारांनी गड दिला. दिवेलागणीला दिंडी दरवाजा उघडणार. मी काटक्या आणायला गेले होते, कुंपणाआडून ऐकलं."

"बदल्यात काय?"

"बदाम. आणि दोन गाढवं भरून भांग. आपल्या भांगेला म्हणे धार नाही."

सटवाजी दिंडी दरवाजाकडे वळला. "तीनशे जीव," तो म्हणाला. "धार नाही म्हणून."

दरवाजावर अंबररावांचे चाळीस खाशे लोक होते, सटवाजीपाशी अकरा, तेही उपाशी. कुमकेची फौज घेऊन सरदार रंगोजी घोरपडे दोन कोसांवर, खिंडीपलीकडे तळ देऊन होते, आणि गड आणखी महिनाभर टिकेल या भरवशावर निश्चिंत होते. त्यांना निरोप पोचवायला एकच वाट होती: पश्चिम कडा. तिथून उतरणे अशक्य, म्हणून तिथे शत्रूचा पहाराही नव्हता.

सटवाजीने टाक्याशेजारच्या दोराच्या वेटोळ्याकडे पाहिले. "याने माणूस उतरलाय कधी?"

"बादली उतरली होती."

"परत आली?"

"आली. पाणी सांडलं."

त्याने तोंडावरचा शेला काढून कमरेला बांधला, कुलदैवताचे नाव घेतले आणि त्या बुळबुळीत, ओल्या, घाणेरड्या दोराला मिठी मारून, ज्या कड्यावर घारसुद्धा बसायला कचरत असे त्या कड्यावरून, डोळे मिटून आणि श्वास कोंडून खाली उतरू लागला. तळहात सोलले, दोर करकरला, पण एक तंतूही तुटला नाही. तुटला नाही, तो संपला. तळ दोन पुरुष खाली राहिला होता. सटवाजीने दोर सोडला. खाली गिधाडांची वर्षानुवर्षांची बसायची जागा होती, म्हणून पाय मोडला नाही. तिथे तो पोटभर ओकला आणि उठून पळत सुटला.

"नाईक," सरदार म्हणाले, "आधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहा. मुजरा मागाहून करा."

ऊन कलले तेव्हा चाळीस धारकरी एकमेकांच्या खांद्यांवर चढून दोर धरत होते, आणि वर चिमाऊसह गडावरच्या तीस बायका केस मागे ओढून, पाय रोवून तो तोलत होत्या. दिंडी दरवाजापाशी अंबरराव किल्ली घेऊन उभे होते, पण त्यांना कुलुपे दोन दिसत असल्यामुळे कोणते आधी उघडावे याचा निर्णय होत नव्हता. सटवाजीने खांद्यावर एक वार घेतला आणि किल्ली काढून घेतली. उरलेल्या खाशांनी चाळीस तलवारी पाहिल्या, आपल्या खाली ठेवल्या आणि भांगेच्या तारेत हसत बसले.

अंबररावांना त्याच दोराने बांधले, तेव्हा त्यांनी तक्रार नोंदवली. "पंत, हा दोर भांगेचा. गडावर भांग राहू नये. हा आज्ञाभंग होतो आहे."

"मुद्दा बिनतोड आहे, साहेब," पंत सवयीने म्हणाले.

"आहेच," सटवाजी म्हणाला. "दोर गडावर राहणार नाही."

मग किल्लेदारांना पश्चिम कड्यावरून हुजुरांच्या चौकशीसाठी अदबीने खाली सोडण्यात आले. दोर दोन पुरुष कमी पडतो, हे सांगायचे राहून गेले.

वेढा आठवड्यात उठला आणि नवे आज्ञापत्र आले: 'भांगेचा पाला मना. दोर माफ. केस ज्याचे त्याने पाहावे.' चिमाऊने तटावर बसून चार महिन्यांत पहिल्यांदा भांग पाडला, ताणलेल्या दोरीसारखा सरळ, आणि पंतांना बोलावून दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला.

सटवाजीच्या घरी त्या दिवशी पुरणपोळी होती. त्याने पहिला घास मोडला, हात नाकाजवळ आला, दोराचा वास अजून गेला नव्हता, आणि त्याने ताट बायकोकडे सरकवले.