सिएनाची सावड

दारात उभा असलेला माणूस नखशिखांत निथळत होता, आणि सारिकाने फरशी नुकतीच पुसून घेतली होती.

"झेरॉक्स इथंच ना?"

"झेरॉक्स शेजारी. आणि आज ते बंद आहेत," ती म्हणाली. "इथं परदेश मिळतो."

त्याने भिंतीवरची पोस्टरं पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं – जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग बरंच झालं," तो म्हणाला. "झेरॉक्ससुद्धा परदेशासाठीच पाहिजे होती."

लोणावळा स्टेशनजवळ, चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर यशोधरा मॅडमचं सहलींचं ऑफिस होतं. वलवणची सारिका तिथे बसून पुण्या-मुंबईच्या लोकांना युरोप आखून देई. स्वतः ती गोव्याच्या पुढे गेली नव्हती. पण व्हेनिसच्या कुठल्या पुलावर किती वाजता गर्दी होते, हे तिला वलवणच्या धरणावरच्या गर्दीइतकंच पक्कं ठाऊक होतं.

तो कार्ल्याचा आदिनाथ. तळेगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर. कंपनी त्याला नवीन मशीन शिकायला फ्लोरेन्सजवळ पाठवत होती, थेट दिवाळीपर्यंत. खुर्चीच्या अगदी कडेवर, ओलं लागू नये अशा बेताने बसून त्याने सांगितलं, "सोळा ऑगस्टला रविवार आहे. त्या दिवशी मला सिएनाला जाऊन यायचंय."

"सिएनाच का? लोक पिसाला जातात, मनोऱ्याला हात लावून फोटो काढतात."

"त्या दिवशी सिएनाच्या चौकात घोड्यांची शर्यत असते. आमच्या आबांनी फोनवर बघितली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही."

कोंडाजी आबा म्हणजे त्याचे आजोबा. उभा जन्म बैलगाडा शर्यतींत गेलेला. जिंकणाऱ्या घोड्याच्या कपाळाला लावायला म्हणून त्यांनी नातवाला भंडाऱ्याची पुडीसुद्धा बांधून दिली होती.

"तो घोडा त्यांच्या देवळात जाऊन आलेला असतो. त्याला आपल्या भंडाऱ्याची गरज नाही," सारिका गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "आणि चौकात लवकर जाऊन बसा. फुकटात बघायचं तर जागा आधी धरावी लागते."

"रुमाल टाकला तर चालेल?"

"एसटी आहे का ती? तिथं रुमालाला कोण विचारतंय?"

असं म्हणून ती हसली, आणि तो बघतच राहिला.

खरं म्हणजे तो दिवस आखायला एक दुपार पुष्कळ होती. सकाळची बस, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते मोठं चर्च, मग शिंपल्यासारखा उतरता, विटांचा चौक. झालं. पण दुसऱ्या दिवशी सारिकाला वाटलं, बस जरा उशिराची झाली. तिने फोन केला, तो आला. मग त्याला शंका आली, पाण्याची बाटली आत नेऊ देतात का? तो कार्ल्याहून भिजत विचारायला आला. मग जेवणाचा प्रश्न निघाला, मग परतीचा... असं करता करता तीन आठवडे गेले.

"एका दिवसाची सहल ना गं?" यशोधरा मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "एवढ्यात मी अख्खा युरोप विकला असता."

सारिकाने मान खाली घालून उगाच नकाशा सरळ केला. तो पुढच्या आठवड्यात, गुरुवारी जाणार होता. त्याच्या मनात काय आहे ते तिला कळत नव्हतं. स्वतःच्या मनातलं मात्र चांगलंच कळत होतं, आणि त्याची तिला धास्ती वाटत होती.

शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, "फी किती झाली?"

"बुकिंग नाही तर फी नाही."

"असं कसं? तुमचा वेळ फुकटचा आहे का?" तो जिन्यात थांबला. "आपण सावड करू. तुम्ही माझा दिवस लावून दिलात, मी तुमच्या शेतात एक दिवस येतो."

सावड म्हणजे मावळातली जुनी रीत. आज तुमची माणसं आमच्या खाचरात, उद्या आमची तुमच्या. पैशाचा संबंध नाही, दिवसाला दिवस. सारिकाला वाटलं, चेष्टा करतोय. तीही चेष्टेत म्हणाली, "या की. रविवारी आमची भातलावणी आहे."

रविवारी सकाळी तो खरंच बांधावर उभा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर घोंगडीची खोळ.

"कुनाचा गं ह्यो?" मुक्ताबाईंनी, तिच्या आईने, हळूच विचारलं.

"ऑफिसचं गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक? आन चिखलात?"

पण पोराचा हात सरावाचा होता. रोपांची मूठ सोडून, मागे सरत, सरळ ओळीत तो लावत गेला. पावसाची झड येई, जाई. सारिका शेजारच्या ओळीत होती. वाकल्या वाकल्या दोघांचे हात एकाच मुठीकडे गेले... दोघांनी मागे घेतले, आणि मूठ पाण्यात वाहून चालली. "रोपांनी काय घोडं मारलंय तुमचं?" आई पलीकडून म्हणाली, आणि सारिकाचे कान तापले. दुपारी बांधावर भाकरी आणि सुकटीची चटणी खाताना तो आईशी तिच्याच बोलीत बोलत होता, आणि सारिकाला ते लय आवडलं.

दिवस मावळायच्या आधी खाचर हिरवं झालं. मुक्ताबाई कंबर धरून उभ्या राहिल्या आणि दरवर्षी म्हणतात तेच म्हणाल्या, "चला, सावड फिटली. आता कुनाचं कुनावर काय न्हाई."

सारिकाने मनातल्या मनात हिशेब केला. सहल आखून झाली, दिवस फिटला. आता त्याने इकडे यावं असं काही कारणच उरलं नव्हतं.

आदिनाथ पाटाच्या पाण्यात पाय धूत होता. वर न बघता म्हणाला, "फिटली कुटं, मावशी? म्या एकच दिस दिला. तुमच्या पोरीनं माझ्यापायी तीन आठवडं घालवलं."

मुक्ताबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग तुमचं तुमी बघा," म्हणून पाटी उचलून त्या घराकडे निघाल्या. चालल्या मात्र नेहमीपेक्षा सावकाश.

"इतके दिवस लागतच नव्हते," सारिका एका दमात बोलून गेली. "सगळं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. बाकीचं मी... उगाच काढत होते."

"मलाही पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या शंका काय, फोनवरही विचारता आल्या असत्या."

"मग विचारल्या का नाहीत?"

"फोनवर तुम्ही हसलेल्या दिसत नाही."

पाऊस पुन्हा बारीक भुरभुरायला लागला. तो उठून समोर उभा राहिला. पाय धुतलेले, तरी कपाळावर चिखल. "सारिका, मला तू आवडतेस. एवढं बोलायला अख्खं खाचर लावावं लागलं बघ."

पदराने... नाही, ओढणीच होती, तिच्या टोकाने तिने त्याच्या कपाळावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "दिवाळीला आलास की कापणीला ये."

"सावड फेडायला?"

"फेडू नकोस. थोडी अंगावर राहू दे."

सोळा ऑगस्टच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. इटलीत ऊन कडकडीत होतं. मागे ढोल, रंगीत झेंडे, माणसांचा समुद्र. आदिनाथच्या कपाळावर पिवळा टिळा होता. घोडा नाही तर नाही, आबांचा भंडारा वाया घालवायचा नव्हता म्हणे. त्याने फोन खाली वळवला. शेजारच्या विटांवर चौकड्यांचा एक रुमाल पसरलेला होता.

"हे काय?"

"जागा धरलीय. पुढच्या वर्षी दोघांनी यायचं, त्याची सवय."

"वेडा आहेस. तुला सांगितलं होतं ना, तिथं रुमालाला कोण विचारतंय?"

"एका आजीनं विचारलं की. मी खुणेनं सांगितलं, माझं माणूस येणार आहे. तेव्हापासून तीच राखण करतेय."

पडद्याच्या कडेला एक सुरकुतलेला हात दिसला. रुमालावर पाय ठेवू पाहणाऱ्या एका उंच गोऱ्या माणसाला तो खमकेपणाने बाजूला सारत होता.

"कोन गं ती म्हातारी?" खांद्यावरून डोकावत मुक्ताबाईंनी विचारलं.

सारिकाने डोळे पुसले. हसूही येत होतं, काय करणार. मग फोन जवळ घेऊन ती म्हणाली, "तिला सांग, येते म्हणावं."