धुमस

निर्ज्वाल हा आग विझवणारा वायू हवेत सोडायला लागल्यापासून देशात कुठे काडी पेटत नव्हती. समईत विजेचा दिवा लागे आणि पोरांना ज्योत चित्रात दाखवावी लागे. हे सारं डॉ. विदुला काळमेघ यांचं कर्तृत्व. लहानपणी जिनिंगच्या, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आगीत वडील गेले, तेव्हापासून या बाईने ज्वलनशास्त्रात उभा जन्म घालवला. आज ती त्याच जिनिंगमध्ये, धाकट्या भावाच्या, धनराजच्या, गोदामात उभी होती.

गोदामालगतच्या खोल्यांत झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत. त्यांत तिची भावजयही होती.

"मी रातच्याले बाहेरगावी होतो. जळका वास येते म्हने बायको मले फोनवर," धनराज म्हणाला. "पण जाळ नाही दिसला, म्हनून झोपले सारे. जाळ दिसला असता त पयाले असते ना, ताई!"

विदुलाने रुईच्या गाठीत हात खुपसला आणि चटका बसताच मागे घेतला. आतली रुई काळी पडली होती.

"ही धुमसतेय. ज्योत म्हणजे तापलेल्या वायूतल्या कणांची साखळी, एक कण दुसऱ्याला चेतवतो. निर्ज्वाल ती साखळी तोडतो. पण धुमसणं थेट कापसाच्या अंगावर चालतं, तिथे त्याची मात्रा चालत नाही. त्यातून निघणारा विषारी वायू झोपेतच माणूस मारतो."

"हे तुले माहीत नव्हतं?"

माहीत होतं, हीच तर लाज होती. पण प्रयोगशाळेत रीतच पडली होती. ज्योत विझली की टाळ्या, मग चहा. राखेपाशी थांबायला सवड कुणाला होती? कौतुकाने तिचंही डोकं फिरलं होतं, दुसरं काय!

"मंग बंद कर ना थे!"

"बंद केलं तर देशभर जे जे आतून धुमसतंय ते एकदम भडकेल. आणि लोकांची घरं आता फोमची आहेत, गवताच्या फळ्यांची. आग लागतच नाही म्हणून बांधलेली."

एवढ्यात फोन वाजला. मंत्रालयातून सचिव बोलत होते. "मॅडम, तिकडच्या बातमीने लोक बिथरलेत. निर्ज्वाल चालू ठेवायचा ना?"

धनराज तिच्या तोंडाकडे बघत होता. आत बायका भावजयीला शेवटची आंघोळ घालत होत्या.

"चालू ठेवा," ती म्हणाली.

धनराजने काळ्या गाठीवर पाण्याची बादली ओतली. मग म्हणाला, "लोकायले काय सांगू?"

"घरात रोज रात्री एकानं जागं राहायचं, जळका वास आला की साऱ्यांना बाहेर काढायचं."

"किती वर्सं, ताई?"

"आजची रात्र मी जागते," ती म्हणाली.