बरोबर म्हणणारा

वीज गेली होती. गच्चीवर आम्ही चौघं भावंडं आणि मोठे काका. ते म्हणाले, "माझ्या मित्राची गोष्ट आहे. त्यानं स्वतः सांगितलेली, तेव्हा हसायचं नाही."

हा मित्र इमारतींचे आराखडे करणाऱ्या शंभर वर्षं जुन्या कंपनीत जुने नकाशे सांभाळायचा. तळघरात. तिथली रीत अशी, की मापं उतरवताना एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पडताळून 'बरोबर' म्हणायचं, आणि आकड्यापुढे लाल पेन्सिलीनं एक खूण करायची. पण जोडीदाराची जागा नऊ वर्षांपूर्वीच रद्द झाली. तेव्हापासून हा एकटाच वाचायचा. घरीही एकटाच.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. एका शाळेचा जुना जिना खचत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला नवा आधार द्यायचं लोखंड मापानं कापायचं होतं. नकाशा इतका पुसट, की फोटो काढून पाठवावा, तर त्यात आकडे दिसेनात. म्हणून तो मापं कागदावर उतरवायला बसला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

"पायरीची रुंदी, पाच फूट दोन इंच," तो सवयीनं म्हणाला.

कपाटांमागून आवाज आला. "बरोबर."

"उंदीर असेल," दादा म्हणाला.

"उंदीर बरोबर म्हणतो का रे?"

"तिथला शिकलेला असेल."

काका हसले नाहीत.

मित्रानं उठून पाहिलं. कपाटांमागे कोणी नव्हतं. दाराला आतून कडी. पळून जावं, तर माप राहतं. आधार तोकडा पडला, तर मुलांसकट जिना खाली येईल... तो परत बसला. पुढचं माप वाचलं.

"बरोबर."

या वेळी जवळून.

पुढचं.

"बरोबर." अगदी खांद्याशी. म्हातारा, थकलेला आवाज.

"आधाराची उंची, अकरा फूट तीन इंच."

...

"अकरा फूट... तीन."

काहीच नाही.

त्यानं भिंग घेतलं. तीन नव्हता. अर्धा पुसलेला इंग्रजी आठ होता.

"अकरा फूट आठ."

"बरोबर."

धाकटीनं काकांचा हात घट्ट धरला. "काम झालं ना? मग पळाले ना ते?"

"नाही गं," काका म्हणाले. "नऊ वर्षांत त्याला तिथे कोणी उत्तर दिलं नव्हतं. त्यानं सगळी मापं पहिल्यापासून पुन्हा वाचली. गरज नसताना."

"आणि?"

"सकाळी त्यानं मापं कळवली. नकाशा गुंडाळायला घेतला, तर प्रत्येक आकड्यापुढे लाल पेन्सिलीची बारीक खूण... एक नाही. दोन-दोन."