रुसणारा पेशंट

“अहो, बोला ना! असे काय रुसून बसलात?”

ती संगणकाच्या पडद्यावरच्या पेशंटवर खेकसली आणि टेबलाखालून कुणीतरी खुदकन हसलं. वायरींच्या गुंत्यातून एका तरुणाचं डोकं वर आलं. केसांना जळमट, हातात स्क्रूड्रायव्हर.

ते दिवस आठवले की तिला अजूनही हसू येतं. तेव्हाचे ते गलेलठ्ठ संगणक तापले की खोलीभर गरम प्लास्टिकचा वास सुटायचा. स्पीच थेरपी शिकणाऱ्या मुलींना खऱ्या माणसांसमोर बसवण्याआधी या पडद्यावरच्या पेशंटसमोर बसवत. तो अडखळत बोलायचा. धीर न धरता कुणी कळ दाबून त्याचं वाक्य पुरं केलं, की गडी एकदम गप्प! परीक्षा तिथंच संपायची. आणि हिला तर मैत्रिणी ‘टकळी’च म्हणायच्या. दोनदा नापास झाली होती. आता पुन्हा झाली असती तर अख्खं वर्ष बुडालं असतं.

“तुमचा हा पेशंट भारीच मानी आहे हो,” ती फणकाऱ्याने म्हणाली.

“मा... माझ्यावरच ग... गेलाय.”

ती चपापली. तोच आवाज! प्रोग्रॅम त्यानेच बनवला होता आणि पेशंटला आवाजही स्वतःचाच दिला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तो रागावला नाही. उलट रोज दुपारी शेजारची खुर्ची ओढून बसू लागला. तिचं बोट कळीकडे वळलं की म्हणायचा, “श्वास घ्या. तो कु... कुठे पळून जात नाही.”

“आणि तुम्ही?” ती मिश्कीलपणे विचारायची. त्याचे कान लालबुंद व्हायचे... आणि तिला ते फार आवडायचं.

ती पास झाली. त्याच दिवशी त्याचं तिथलं काम संपलं. पिशवी खांद्याला अडकवून तो दारात घुटमळला. आज गेला की पुन्हा दिसणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मला तु... तु...”

पुढचं वाक्य तिच्या जिभेवर अगदी तयार होतं. मनातल्या मनात तिने ते म्हणूनही टाकलं. पण ओठ घट्ट मिटून ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली.

“तु... तुमच्याशी बोलताना शब्द ब... बदलावे लागत नाहीत,” तो सावकाश म्हणाला. “जो अ... अडतो, तो टाळून मी नेहमी दुसराच बोलतो. माझ्या घरीसुद्धा. तुमच्यापाशी मात्र हवं तेच बो... बोलतो.”

तिचे डोळे भरून आले. हे तर तिला कधीच सुचलं नसतं!

“म्हणून... ल... लग्न कराल माझ्याशी?”

टकळीची बोलती बंद झाली. “मी... म्हणजे... मला...”

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

“सावकाश,” तो हसून म्हणाला. “मला घा... घाई नाही.”