मंगलीबाईच्या हातची खीर

"इथं शेवटच्या बाकावर कोण बसतं?"

चर्चच्या फाटकात उभ्या असलेल्या अनोळखी मुलीनं असं विचारलं, तेव्हा ढोलक खांद्याला लावून घाईनं आत शिरणारा नीलेश थबकलाच.

"उशिरा येणारे," तो हसला. "म्हणजे मी."

"आणि ज्यांना पुढे बसू देत नाहीत, ते?"

"असं कोणी नाही जी इथं. काऊन?"

जसिंता मडावी आत जाऊन शेवटच्याच बाकावर बसली. अर्जुनी मोरगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून ती नुकतीच बदलून आली होती. आधीच्या गावात तिची आई मंगलीबाई बाकावर बसली की शेजारचे उठून जात. चहाचा कपही तिला वेगळा. तिला पूर्वी कुष्ठरोग झाला होता. औषधांनी तो कधीचाच बरा झाला, पण बोटं वाकडी राहिली, आणि लोक बोटंच बघत. म्हणून या गावात जसिंता एकटीच मिस्साला, रविवारच्या प्रार्थनेला, आली होती... पारखायला.

पुढच्या रविवारी ती गाणाऱ्यांत उभी राहिली. नीलेश ढोलकावरून तिच्याकडे बघे आणि ठेका चुकवे.

"ताल सांभाळा," ती मिस्सानंतर म्हणाली.

"तुमी समोर उभ्या राहता, मंग कसा सांभाळू?"

मोटारी दुरुस्त करून त्याच्या हातांना तेलाचा वास यायचा. तो तिला आवडू लागला होता, आणि म्हणूनच तिला भीती वाटू लागली होती.

"घरी कोण असते?" त्यानं एकदा विचारलं.

"आई."

"मंग ते काऊन नाही येत?"

"तिला... बरं नसतं."

तिचं हे उत्तर घरी मंगलीबाईला कळलं कसं कोण जाणे. रात्री भात वाढताना ती शांतपणे म्हणाली, "बरी हाये मी, पोरी. मले लपवून ठेवशील तं लोकाईत अन् तुयात फरक काय?"

जसिंतानं उचललेला घास परत ताटात ठेवला.

धान कापून झालं होतं. गावभर मळणीचा भुसा उडत होता. चर्चमध्ये नव्या तांदळाचा सण होता. प्रत्येक घरानं काही रांधून आणायचं, फादरांनी आशीर्वाद द्यायचा आणि अंगणात सगळ्यांनी मिळून जेवायचं. मंगलीबाईनं गूळ घालून खीर केली आणि लुगडं बदलून दारात उभी राहिली.

मिस्साभर जसिंताला एक ओळ धड गाता आली नाही.

अंगणात रांग लागली. मंगलीबाई दोन्ही तळव्यांत पळी धरून खीर वाढत होती. पहिल्याच बाईनं तिचे हात पाहिले, ताट पदराआड घेतलं आणि पुढे निघून गेली. तिच्या मागे नीलेश होता. त्यानं ताट पुढे केलं... त्याची नजर बोटांवर गेली... आणि ताट तिथंच थांबलं.

क्षणभरच. पण जसिंतानं ते पाहिलं.

"नीलेश, सरक ना बाबू," मागून म्हातारी शामकलाबाई म्हणाली. "खीर थंडी होऊन राहिली." तिनं आपलं ताट पळीखाली धरलं. "अजून वाढ बाई. गूळ कुठचा हाय वं?"

मागोमाग नीलेशनं खीर घेतली. रांग सरकत राहिली. पंगतीत शामकलाबाईनं सतरंजीवर जागा करून मंगलीबाईला शेजारी बसवलं, आणि दोघी तांदळावर बोलत बसल्या. ताट पदराआड घेऊन गेलेली बाई मात्र लांबच बसली.

जसिंता हातपंपावर भांडं घासत होती. नीलेश येऊन दांडा मारू लागला.

"तू थांबलास," ती वर न बघता म्हणाली.

"हो. थांबलो. खोटं कायले बोलू? भेव लागला."

"आणि आता?"

"आता लाज वाटून राहिली."

"लाजेवर संसार नाही होत, नीलेश."

दांडा थांबला. "संसार म्हणालीस तू..."

ती गोंधळली. गालावर पाणी होतं, की आणखी काही...

"मले तुयासंगच करायचा हाय," तो हळूच म्हणाला. "आई आपल्याजवळच राहील. जे माहीत नाही ते शिकव. पण परत एकटी नको येऊ इथं."

"हे मला नाही, तिला विचार."

तो गेला. मंगलीबाईसमोर जमिनीवर बसला, आणि बोलता बोलता त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बोलणं संपलं तरी सोडले नाहीत. जसिंता ओल्या हातांनी खांबाला टेकून पाहत राहिली.

मंगलीबाईनं त्याच्या डोक्यावरून लेकीकडे पाहिलं. जसिंतानं मान हलवली.

"बरं," मंगलीबाई त्याला म्हणाली, "उद्या घरी ये. भाजी चिराले माणूस पाहिजेच होता मले."