गेवराईचं तिकीट

"तिच्या तोंडातला शब्द काढून घेऊ नको, कावेरी. येळ लागला तरी तिचं तिला बोलू दे."

धाकट्या धनश्रीला कड्याहून नेकनूरला थोरल्या बहिणीकडं पाठवताना उमाबाईनं एवढंच बजावलं होतं. कावेरीनं हसण्यावारी नेलं. "आई, तिच्या मनातलं मला तिच्याआधी कळतं!"

अन् तिला खरंच तसं वाटायचं. धनश्री लहानपणापासून अडखळत बोलायची. शब्द ओठांपर्यंत यायचा अन् तिथंच अडून बसायचा… मग कावेरी तो झटकन पुरा करून टाकायची. दुकानात, पाहुण्यांत, फोनवर. चारचौघांत बहिणीची मान खाली जाऊ नये, बस्स.

धनश्री रोज सकाळच्या गेवराई गाडीनं बीडला क्लासला जायची. ऑक्टोबरातल्या एका सकाळी कावेरीही पप्पूला घेऊन तिच्यासोबत निघाली. पप्पू दोन वर्षांचा झाला तरी सुटे सुटे चार शब्दच बोलायचा. तेवढ्यानं कावेरीची झोप उडाली होती; बीडच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. सावळा, कपाळावर भस्माचे पट्टे, छातीवर नाव – बसवेश्वर. त्यानं धनश्रीकडं पाहिलं.

"कुठं?"

"दोन बीड," कावेरी म्हणाली.

मशीनवरचं त्याचं बोट थबकलं. "आज बीड?" तो हळूच हसला. "रोज तर गेवराई असतंय."

धनश्री खिडकीबाहेर बघू लागली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बीडला उतरल्यावर कावेरीनं तिला गाठलं. "गेवराई कावून गं?"

"'ब' वर अ… अडतं ना माझं. गेवराई म्हणता येतं. म… मग तिथलं तिकीट काढते, अन् हितं उतरते."

"कवापासून?"

"जूनपासून."

कावेरीला आईपुढची आपली फुशारकी आठवली. जिच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं, ती पाच महिने एका शब्दापायी पुढच्या गावाचं तिकीट काढत होती!

"अन् तो काय म्हणत न्हाई?"

"पैल्या दिवशी थट्टा केली. मग माझं त… त…"

"तोंड बघितलं?"

"तोंड बघितलं, अन् परत कधीच न्हाई. 'कुठं' विचारतो. अन् थांबतो."

'थांबतो' म्हणताना ती जराही अडखळली नव्हती.

झालं! कावेरीच्या मनानं तिथंच लग्नाचा मांडव घातला. नावावरून, कपाळावरून मुलगा आपल्यातलाच. पण धनश्री बोलणार कधी? अन् तोवर त्यानं दुसरीकडं कुठं होकार दिला तर? दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलवाल्या बंकटकाकांकडून तिनं त्याचा नंबर मिळवला अन् फोन लावला.

"धनश्रीची ताई बोलतीय. तिला तुमी आवडता. तिच्या तोंडून यायचं न्हाई, म्हणून मीच सांगते. लई गुणाची हाय. फक्त… तिला बोलायला लावू नका."

पलीकडून त्यानं एवढंच विचारलं.

"ताई, हे तिनं सांगायला लावलं का?"

कावेरीनं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी तिनं कबुली दिली, तेव्हा धनश्री रडली नाही. 

"एवढं एक व… व…"

"वाक्य?" कावेरी बोलून गेली अन् तिनं जीभ चावली.

"एवढं एक वाक्य तरी माझं मला ठेवायचं होतंस, ताई."

चार दिवस धनश्री क्लासला गेली नाही. पाचव्या दिवशी तिनं वेणी घातली, पिशवी उचलली.

"मी येऊ?" कावेरीनं भीत भीत विचारलं.

"ये. पण ग… गप बस."

गाडीत सीताफळांचा गोड वास भरला होता. बाजाराला निघालेली कडूबाई दोन टोपल्या पायाशी घेऊन बसली होती. कावेरी पप्पूला घेऊन धनश्रीच्या मागच्या सीटवर. बसवेश्वर आला. दांडी धरून उभा राहिला.

"कुठं?"

"ब…"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, चला की पुढं!" त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ब… ब…"

"बीड म्हणतीया लेकरू, दे की बाबा!" कडूबाई कळवळली.

"मावशी, ती सांगंल," तो शांतपणे म्हणाला.

कावेरीनं पदराचा बोळा तोंडात धरला. एवढ्या कलकलाटात हा माणूस असा उभा होता, जणू गाडीत दुसरं कुणीच नाही. नजर हटली नाही, कपाळावर आठी नाही… कुणी कुणासाठी इतकं थांबू शकतं? आपण कधी थांबलो?

"बीड," धनश्री म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. तो तिकीट काढणार, एवढ्यात ती म्हणाली, "थांबा. अजून… झालं न्हाई माझं."

कावेरी चकित झाली. आजवर बहिणीचा शब्द पुरा करून ती मोकळी व्हायची. त्याच्या पुढंही काही असतं, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

"ताईनं सांगितलं ना… मला ब… बोलायला लावू नका. लावा. रोज विचारा. कुठं म्हणून."

"अन् तुमी सांगाल?"

"येळ ल… लागंल."

"एसटी हाय, मॅडम," तो म्हणाला. हातातलं मशीन त्यानं खाली केलं. "येळेवर कवा गेली? सांगा तुमी सावकाश… जन्मभर."

धनश्री हसली. दिलखुलास, मान वर करून.

मांडीवरचा पप्पू पुढं बोट दाखवत होता. "मा… मा…" 'मला सीताफळ' हे कावेरीच्या ओठांवर आलंच होतं. तिनं ओठ मिटले. थांबली.

"माऊ… हशली," पप्पू म्हणाला.

मावशी हसली! दोन शब्द, एकापाठोपाठ. कावेरी त्याच्याकडं पहिल्यांदाच बघावं तशी बघत राहिली.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, ज्याचं बोलणं तुम्ही मायेनं पुरं करून टाकता. आज जरा त्याच्याजवळ जाऊन बसा. कसं चाललंय, विचारा. अन् उत्तर यायला वेळ लागला, तर… तेवढं थांबा.